डावीकडची सीट

ये वं वर्षा, जवळ सरक. दूर बसून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. आणि आधी माझी बोलणी खा. दिवाळीत आलीस ती पाऊण तासासाठी, त्यातला अर्धा वेळ स्टुलावर चढून माझ्या कपाटावरची धूळ उडवण्यात गेला. आत्याचे गुडघे कसे आहेत हे विचारायचं सोडून हिला खोका दिसला! "आत्या, हा तर जुना व्हिडिओ गेम! लोक हौसेनं विकत घेतात असले," म्हणालीस. खोक्यात हात घातलास तर गेमच्या खाली बैलाच्या गळ्यातली घंटी. ती तू हलवून वाजवलीस. तुझा बाप समोर अनारसा खात होता. तो अर्धा अनारसा ताटलीत ठेवून उठला आणि तुम्ही निघेपर्यंत अंगणातच उभा राहिला. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "चहा घे."

त्या दिवशी चहावर भागवलं, आता सांगते. ती घंटी भोयर उस्तादची.

आम्ही तेव्हा कोराडीला होतो, वीजकेंद्राच्या कॉलनीत. आमचे हे बॉयलरवर. तुझा बाप, म्हणजे आमचा सुदाम, बाबा गेल्यावर माझ्याकडेच राहायला आला होता. कॉलनीतून नागपूरला स्टाफची बस जायची, पोरांना शाळेत, बायकांना बाजारात, बाबूलोकांना हेड ऑफिसात घेऊन. त्या बसचा ड्रायव्हर म्हणजे भोयर उस्ताद. नवे ड्रायव्हर घ्यायचे असले की त्यांची परीक्षाही तोच घ्यायचा. साहेबाची सही नंतर, उस्तादची मान आधी हलायला पाहिजे.

दिसायला काही नव्हता बाई. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, कानांत केसांचे झुपके, गळ्यापर्यंत बटण लावलेला खाकी शर्ट. तो शर्ट मात्र असा कडक, की त्याच्या इस्त्रीच्या घडीनं भाजी चिरावी. कमरेच्या पट्ट्यात एक पिवळं फडकं खोचलेलं. चपला खाली काढून बसमध्ये चढायचा, फडक्यानं स्टीअरिंग पुसायचा, कपाळाला हात लावायचा आणि मग बसायचा. त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं त्याला खपत नसे. एकदा वर्कशॉपचा मिस्त्री ब्रेक बघायला बसला, तर उस्तादनं त्याच्यासमोर बादलीभर पाण्यानं सीट धुतली.

हॉर्न वाजवत नसे. "हॉर्न म्हणजे चूक झाल्याची कबुली," म्हणायचा. "ड्रायव्हरले आधीच दिसाले पाह्यजे. समोरचं तं आंधळ्यालेही दिसते बे. मरण बाजूनं येते, बाजूले पाह्य."

हे वाक्य ध्यानात ठेव.

परीक्षेची त्याची एक पद्धत होती. पितळेचा पेला काठोकाठ भरून जीपच्या बॉनेटवर ठेवायचा, खाली चुंबळ देऊन. कॉलनीच्या फाटकापासून, बॉयलरची राख साठायची त्या राखेच्या तळ्यापर्यंत जायचं आणि यायचं. मध्ये कोळशाचे ट्रक, खड्डे, म्हशी, सगळं. पाणी सांडलं की नापास. आणि नुसतं नापास म्हणून सोडेल तो उस्ताद कसला? उरलेलं पाणी पोराच्या डोक्यावर ओतायचा, तेही कॅन्टीनसमोर, चहाच्या सुट्टीत. तीन वेळा नापास झाला त्याच्या गळ्यात ती घंटी बांधायचा आणि फाटकापर्यंत चालवायचा. "जा बापा, तुही बैलबंडी वाट पाहून राहिली." लोक बाकांवर उभे राहून बघायचे. खोटं कशाला बोलू, मीही बघितलं आहे. दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात होती तोवर हसलेही आहे.

सुदाम दोनदा नापास झाला होता. तिसऱ्या वेळी मी फाटकाशीच उभी होते, पोटात बाळ, हातात पेढ्यांचा पुडा. जीप परत येताना दिसली. पोरगा घामानं निथळत होता, पण पेला भरलेला! मी पुडा सोडायलाही घेतला. तेवढ्यात कोळशाचा ट्रक आडवा आला, सुदामनं ब्रेक दाबला, पेला थरथरला आणि एक थेंब, बाई, एकच थेंब काठावरून घरंगळून बॉनेटवर पडला.

उस्ताद खाली उतरला. बोटानं तो थेंब पुसून सुदामच्या कपाळाला लावला, टिळा लावावा तसा.

मी म्हटलं, "उस्ताद जी, एक तं थेंब आहे. ट्रकवाल्याची चूक आहे जी."

"थेंब असो की माणूस," तो म्हणाला, "सांडलं ते सांडलं."

आणि कॅन्टीनसमोर नेऊन घंटी बांधली. आमच्या बाबांची बंडी होती हे तुला ठाऊक आहे ना? गांधीबागेत कापडाच्या गाठी वाहायचे ते. त्या बंडीवर आम्ही भावंडं जगलो. उस्तादला हे माहीत होतं. गाठ मारताना म्हणाला, "बापाची गादी चालव. बैल तुह्यापेक्षा कमी हिसके देते." कॅन्टीन हसलं. सुदाम मान खाली घालून फाटकापर्यंत चालला, खण खण खण. पण फाटकापाशी पोचल्यावर सगळे काढून देत, तशी त्यानं घंटी काढून दिली नाही. तशीच गळ्यात ठेवून घरी आला. दोन महिन्यांनी आखातात गेला, तेव्हा पेटीत सगळ्यात खाली ती होती. उस्तादनं परत मागितली नाही आणि दुसरीही आणली नाही.

आता तू म्हणशील, असल्या माणसाबद्दल एवढं काय सांगायचं? थांब जरा. त्याच्या बायकोचं ऐक.

कौसल्याबाई. जाडजूड, सावळी, हसताना तोंडाला पदर लावणारी. एकदा गांधीबागेतून लुगडं घेऊन परत येत होती. बस सुटायची वेळ झाली. बाई धावत येत होती, दहा पावलं उरली असतील. आम्ही आत बसलेल्या ओरडलो, "उस्ताद, बाई आल्या, बाई आल्या!" त्यानं आरशात बघितलं. बघितलं ना, मी स्वतः पाहिलं. घड्याळ बघितलं. गिअर टाकला आणि निघाला. मागे वळून म्हणतो, "बस घड्याळाची असते, बायकोची नसते." बाई रात्री घरी पोचली, कुठल्याशा ट्रकवाल्याच्या पाया पडून. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वयंपाकाला नावं ठेवली, तेवढंच काय ते बोलणं झालं.

आणि हाच माणूस, सुदाम गेल्यावर महिन्याभरातच, मला घेऊन येत होता. सातवा महिना होता मला. उतारावर बसचा ब्रेक गेला. समोर कोळशाचे ट्रक रांगेनं उभे. बसभर किंचाळ्या. उस्ताद वळलाही नाही. गिअर उतरवत उतरवत बस डावीकडे घेतली, दोन झाडांच्या मधून, राखेच्या बांधावर चढवली. ओल्या राखेत चाकं रुतली आणि बस हळूच थांबली, दमलेली म्हैस बसते तशी. कोणाला खरचटलंही नाही. उस्ताद उठला, फडक्यानं हात पुसले आणि आमच्यावर ओरडला, "कोकलाले काय झालं? मले ऐकू येत नव्हतं गिअरचं!" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बस. धक्का लागला का? नाही ना? मंग रडून काहून राहिली?"

तेव्हा पोटात होता तो माझा मोठा पोरगा, तुझा दादा. हा असा हिशेब आहे बघ माझा आणि उस्तादचा.

सहा-सात वर्षं अशी गेली. सुदाम आखातात मोठे ट्रेलर चालवायला लागला. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला, त्याच वर्षी तो सुट्टीवर आला आणि हा गेम घेऊन आला.

कॉलनीत तोवर असं काही कोणी बघितलं नव्हतं. काळा डबा, त्यात वरून कॅसेट खोचायची, टीव्हीला वायर लावायची आणि हातात बटणांचा रिमोट. पडद्यावर मोटारींची शर्यत. सुदाम सगळ्यांना खोका दाखवायचा, "हा असातसा नाही, ताई. खऱ्या शर्यतीवाल्यांनी परवाना देलेला खेळ आहे. गाड्या खऱ्या, रंग खरे, वळणं खरी. हा पाह्य शिक्का." मला काय कळणार? मला दिसायचं ते एवढंच, की एक लाल गाडी आपली आहे, रस्ता पुढून सरसर पोटाखाली येतो आहे, आणि मागून डावी-उजवीकडून दुसऱ्या गाड्या अंगावर येत आहेत. आपण हललो नाही की टक्कर. मग गाडी गरगर फिरायची आणि डबा रडका आवाज काढायचा.

आठ दिवस आमच्या घरी जत्रा. उस्ताद मात्र आला नाही. मग सुदाम स्वतः बसथांब्यावर गेला आणि चारचौघांत म्हणाला, "उस्ताद, रविवारी घरी या जी. म्हणते लोक, पेला पास झालेल्यालेच जमते हा खेळ. मी तं नापास आहे."

उस्ताद म्हणाला, "खेळाले परवाना असते का बे?"

"असते जी. तुमच्याकडे आहे ना परवाना? मंग भेव कायचं?"

लोक हसले. झालं. आता न येऊन चालणारं नव्हतं.

तेव्हा मला काही गोष्टी जुळवता यायला हव्या होत्या, वर्षा. त्या वर्षी बसनं कॉलनीच्या फाटकाचा डावा खांब दोनदा खरवडला होता. उस्तादनं चौकीदाराला शिव्या दिल्या, "खांब कोणी सरकवला?" त्याची मानही विचित्र झाली होती. बघायचा तर अख्खं डोकं फिरवून, घुबडासारखा. आणि कौसल्याबाई! जिला तो दहा पावलांसाठी टाकून गेला होता, ती बाई आता रोज बसमध्ये. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, दारालगतच्या पहिल्या सीटवर, डावीकडे. हातात रिकामी पिशवी. "बुढी रोज गांधीबागेत कोणाच्या लग्नाचा बस्ता बांधून राहिली?" असं बायका म्हणायच्या. आणि रस्ताभर खोकायची. राखेचा खोकला आमच्या कॉलनीत घरोघरी, त्याचं कोणाला नवल?

रविवारी दुपारी उस्ताद आला. खाकी शर्ट, कडक इस्त्री, पट्ट्यात फडकं. सुट्टीच्या दिवशीही. मागून कौसल्याबाई. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर, खिडकीत, दारात, सगळे रोजचे बसवाले. उस्तादनं चपला काढल्या, टीव्हीसमोरच्या पाटावर मांडी घातली, रिमोट फडक्यानं पुसला आणि कपाळाला लावला. कोणी फिसकन हसलं. कौसल्याबाई माझ्याजवळ, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. तिथून टीव्ही समोर दिसायचा.

पहिल्या दोन फेऱ्या सुदामनं शिकायला दिल्या. उस्ताद दोनदा धडकला. मग पाचच मिनिटांत त्याला जमायला लागलं गं! वळण आलं की अंगठा आधीच तयार. उजवीकडची गाडी, चुकवली. डावीकडची, चुकवली. कौसल्याबाई बिचाऱ्या खोकत होत्या आणि हा मान न हलवता एकेक गाडी मागे टाकत होता. बाराव्या नंबरावरून सहाव्यावर आला. कोणीतरी म्हणालं, "उस्ताद तो उस्तादच आहे बाप्पा." मी सुदामकडे बघितलं. त्याचं तोंड अगदी तसंच झालं होतं, थेंब पडला त्या दिवशीसारखं.

आणि मी काय केलं?

मला कौसल्याबाईंची दया आली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. म्हटलं, "आत या बाई, आल्याचा चहा देते."

"राहू दे पोरी. मी इथीच बरी."

"असं कसं? घशाची चाळणी होऊन राहिली तुमच्या."

"नोको म्हणते ना वं!"

मी ऐकलं नाही. हाताला धरून आत ओढलं, ओट्याजवळ बसवलं आणि आलं कुटायला घेतलं. ती बाई उठली, मी खांद्यावर हात ठेवून परत खाली बसवली. बाहेर पहिली धडक झाली. डबा रडला, लोक हसले. बाई पुन्हा उठली. मी म्हटलं, "बसा ना, पोट्ट्यांचा खेळ आहे तो." दुसरी धडक. तिसरी. माणसं खिदळायला लागली. "उस्ताद, ब्रेक गेला का जी?" "उस्ताद, खांब कोणी सरकवला?" कौसल्याबाईंनी खोकायचं म्हणून खोकून पाहिलं तिथूनच. पण आतून टीव्ही दिसत नव्हता. तेव्हा मात्र माझ्या हातातला बत्ता थांबला. एवढा जोराचा खोकला आणि नजर दाराकडे?

मी दाराशी आले. उस्ताद घामाघूम. गाडी डावीकडून यायची आणि हा सरळ तिच्यात शिरायचा. दर वेळी डावीकडूनच. सुदाम त्याच्या डाव्या हाताला बसला होता, मांडीला मांडी लावून. त्याच्याही ते ध्यानात आलं होतं. तो हसत नव्हता. त्यानं एक लाडू उचलला आणि हळूच उस्तादच्या डाव्या गालापाशी धरला. उस्ताद खेळत राहिला. सुदामनं लाडू हलवला. काही नाही. खिडकीतल्या पोट्ट्यांनी तोंडावर हात घेतले.

सुदाम उठला, आतल्या खोलीत गेला आणि परत येऊन बसला तेव्हा त्याच्या हातात घंटी होती. आतला लोखंडी लोळा बोटात गच्च धरलेला. ती त्यानं उस्तादच्या डाव्या कानाजवळ नेली. चार बोटांवर. तिथून डोळ्यांसमोर, थोडी डावीकडे. भरल्या घरात सगळ्यांना दिसत होती ती घंटी, एकट्या उस्तादला सोडून. किती वेळ धरली असेल? गाडीनं अख्खी एक फेरी मारली तेवढा वेळ. लोक हसू दाबून लाल झाले होते. मी ओरडायला हवं होतं. "सुदाम, खबरदार!" एवढे दोन शब्द. आणि खरं सांगू? ओरडले नाही, कारण मला फाटकापर्यंतची ती खण खण आठवत होती.

मग सुदामनं बोट सोडलं.

खण.

असा हशा झाला, वर्षा, की टीव्हीचा आवाज बुडाला. उस्तादच्या हातून रिमोट पडला. त्यानं डोकं वळवलं नाही. डावा हात वर केला आणि हवेत चाचपला. बोटं घंटीला लागली, घंटीवरून सुदामच्या मुठीला, मुठीवरून मनगटाला.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

हशा तिथंच मेला. ज्या लोकांची लेकरं रोज त्याच्या बसमध्ये बसायची, ते सगळे त्या खोलीत होते. वीतभर अंतरावरचा माणूस त्याला दिसत नव्हता. डाव्या बाजूचं जग त्याच्यासाठी होतंच कुठं?

कौसल्याबाई माणसं ढकलत आल्या आणि त्याच्या डावीकडे उभ्या राहिल्या. "चला घरी."

तो उठला. रिमोट शोधून फडक्यानं पुसला, टीव्हीजवळ ठेवला. तेव्हा कुठं डोकं पूर्ण वळवून सुदामकडे बघितलं. मला वाटलं, आता शिवी देतो. तो म्हणाला, "हात हलला नाही तुहा. एवढा वेळ धरली अन् वाजू नाही देली." मग दारापर्यंत जाऊन, नेहमीच्याच आवाजात, "पास झाला तू. जा."

तुझ्या बापानं आयुष्यभर जो शब्द मागितला, तो त्याला असा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस थांब्यावर आली. चाळीस माणसं उभी होती. दार उघडलं. कोणी चढलं नाही. मीही नाही. पोराचा हात धरून उभी होते, राखेच्या बांधावर वाचला त्याच पोराचा. आत डावीकडच्या सीटवर कौसल्याबाई, रिकामी पिशवी मांडीवर. उस्ताद समोर बघत होता. त्यानं घड्याळ बघितलं. वेळ झाली तेव्हा गिअर टाकला आणि चाळीस माणसांसमोरून रिकामी बस घेऊन निघून गेला, अगदी वेळेवर.

आम्ही चुकलो नाही, बघ. लेकरांचा जीव होता. त्यानं सात महिने आम्हा सगळ्यांना आंधळ्या बाजूनं नेलं, ते काय पुण्याचं काम? पण दोघांनी पुढं होऊन, "उस्ताद, उतरा जी, चहा घेऊ," म्हणायला कोणाचं काय जात होतं?

दवाखान्यात डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता त्याला पाठ होता, दरवर्षी तोच असायचा. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं. डोळे धड होते म्हणे. झोपेत डोक्यात कुठंतरी बारीक झटका येऊन गेला होता आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू विझली होती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. तेवढ्यासाठी त्याला गाड्यांच्या शेडमध्ये पाणी पाजायला बसवलं. ज्यांच्या डोक्यावर त्यानं पेले ओतले, त्यांना पेले भरून द्यायचे. ते म्हणायचे, "काठोकाठ भरा जी उस्ताद." पिऊन झालं की रिकामा पेला मुद्दाम त्याच्या डावीकडे ठेवायचे. तो फरशीवर हात फिरवत शोधायचा. साहेबलोकही हसायचे. कोणी थांबवलं नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यावर कधी ना कधी तो पेला ओतला होता, नाहीतर भावाच्या गळ्यात ती घंटी होती.

कौसल्याबाईंनी मला सगळं सांगितलं ते नंतर, नळावर. "एक खोकला सायकलले. दोन ट्रकले. अन् लेकरू दिसलं तं खोकलतच राहाचं."

मी म्हटलं, "काहून केलं वं बाई एवढं? तुम्हाले तं टाकून गेला होता तो."

"काहून म्हणजे? त्या सीटशिवाय होतं काय त्या माणसात? सीटवरून उतरला असता तं घरी आला असता ना!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग कळशी उचलता उचलता म्हणाल्या, "तुह्या आल्याच्या चहानं लय गुण आला पोरी. त्या दिवसापासून मले खोकला नाही."

रागावून नव्हतं ते, वर्षा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुदाम सुट्टी अर्धी टाकून परत गेला. गेम आणि घंटी इथंच सोडून. वीस वर्षं ट्रेलर चालवला त्यानं, एक ओरखडा नाही. पण गाडीत तुम्ही पोरं त्याच्या डावीकडे बसून खोकलात की तो कसा दचकायचा, आठवतं?

उस्तादला मी शेवटचं बघितलं कळमेश्वरला. कौसल्याबाई तोवर गेल्या होत्या. पेन्शन घेऊन तो पुतण्याकडे राहायला गेला होता. मी एका लग्नाला गेले होते. कारखान्यांच्या रस्त्यावर तो समोरून येताना दिसला, डावा हात भिंतीला लावून, भिंत नसेल तिथं पायानं चाचपत. खाकी शर्ट होता, गळ्यापर्यंत बटण, इस्त्री मात्र नव्हती. डाव्या गालावर खरचटल्याच्या रेघा, जुन्या आणि नव्या. मी त्याच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर थांबले. म्हणायचं बरंच होतं. तो मला न बघता पुढं सरकला.

आणि मला खोकला आला. खरा खोकला बाई, कोराडीची राख अजून छातीत आहे माझ्या. एकदाच आला.

उस्ताद जागच्या जागी थांबला. दोन पावलं उजवीकडे सरकला, अंग चोरून उभा राहिला, सायकल जाऊ देण्यासाठी. सायकल नव्हती. रस्ता रिकामा होता. तो उभाच राहिला. ती गेली की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, की दुसरा खोकला येऊ नये, नाहीतर तो ट्रकची वाट बघत बसेल. अशीच मागे मागे सरकत मी निघाले. वळणावरून बघितलं, तेव्हाही तो तसाच उभा होता.

एवढं आहे ते. गेम विकायचा असेल तर ने, मला त्याचं काही नाही. घंटीतला लोळा मी काढून वेगळ्या फडक्यात बांधला आहे, आता ती वाजत नाही. अनारसे पुन्हा करते. तुझ्या बापाला सोबत आण, आणि पाऊण तासासाठी येऊ नका, राहायला या. माझाही खोकला वाढला आहे, लवकर या.